उजव्या बाजूचे काज

मित्रांनो, मी एक जुने अंगुस्तान आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हाताने शिवणारी माणसे सुई बोटात घुसू नये म्हणून मधल्या बोटाला पितळेची एक टोपी घालतात, ती मी. माझ्या अंगावर बारीक खळगे आहेत, पण ते पाहून कोणी हळहळू नका. सुई घसरू नये म्हणून ते मुद्दाम पाडलेले असतात.

मला दुकानातून निवडून नेले काजवाल्या बाईंनी. बाई एका शिंप्याकडे कोटांना हाताने काजे करीत. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर कापड बेतत, कारागीर ते मशीनवर शिवत आणि शेवटी कोट खिडकीजवळच्या बाकावर बाईंच्या मांडीवर येई. काज म्हणजे बटणाचे घर. आधी कापडाला चीर द्यायची आणि मग तिच्या काठाने टाक्याला टाका लावत जायचे. बाकी सारी शिवण उसवून पुन्हा घालता येते, चीर मात्र एकदा दिली की दिली.

बाईंची एक रीत होती. चीर देण्याआधी त्या मला बोटात चढवीत, कोटाच्या डाव्या बाजूवर तळहात ठेवीत आणि "डावी" असे पुटपुटत. पुरुषांच्या कोटाला काजे डावीकडे असतात, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? पण तीस वर्षांत एकदाही त्यांनी तो शब्द गाळला नाही. बाईंना अजून डावे-उजवे कळत नाही, म्हणून कारागीर त्यांची चेष्टा करीत आणि बाई त्यांच्याबरोबर हसत.

ते माझे सोन्याचे दिवस होते. गिऱ्हाईक काजावरून अंगठा फिरवी आणि 'वा' म्हणे. कौतुक बाईंचे असे, फुगून बसत असे मी!

मग बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवता येईना, तशा त्या घरी बसल्या आणि मी घरच्या बटणांच्या डब्यात गेले. दोन वर्षे मी तिथे काढली. डब्यात कोणी हात घातला की माझा जीव वरखाली व्हायचा, पण ती बोटे एखादे बटण घेऊन निघून जायची. तेव्हा मला फार वाईट वाटे.

बाईंच्या लेकीला घरात भिंगरी म्हणत, आणि ते नाव उगाच पडले नव्हते. सव्विसाव्या वर्षापर्यंत तिने चित्रकला, टायपिंग, पोहणे, बासरी आणि दोन परक्या भाषा शिकायला घेतल्या होत्या. आयुष्य बदलायचे म्हणून ती दर महिन्याला पहाटे पाचपासूनचे नवे वेळापत्रक भिंतीवर चिकटवी, तेही जुन्यावरच. लोक हसत, तीही हसे. पण कधीकधी ती बटण शोधण्याच्या निमित्ताने डब्यात तोंड खुपसून बसे आणि तिचे डोळे भरून येत. आपल्या हातून काहीच तडीला जात नाही, हे तिला आतून खात होते. मी ते अगदी जवळून पाहिले आहे.

एके दिवशी तिने मला उचलले आणि मास्तरांकडे जाऊन आईची जागा मागितली. काजे करणे तिला लहानपणापासून येत होते. "एक ना धड, भाराभर चिंध्या असं आहे तुझं," मास्तर म्हणाले, "पण बस. आठवडाभर बघतो."

चौथ्या दिवशी तिच्या मांडीवर एक राखी कोट आला. त्याचे कापड गिऱ्हाइकाच्या वडिलांनी घेऊन ठेवलेले होते. वडील गेले, आणि तसे कापड आता कुठे मिळत नव्हते. भिंगरीने मला बोटात घातले. कानात परक्या भाषेचा धडा चालू होता, मांडीवर मोबाइल थरथरत होता. तिने चीर दिली ती उजव्या बाजूला. माझ्या आतले तिचे बोट एकदम गार पडले.

मास्तर जेवायला गेले होते. तिने कोट पिशवीत घातला आणि तडक घर गाठले. बाईंनी चिरेवरून बोट फिरवले आणि विचारले,

"लक्ष कुठे होतं गं?"

"सगळीकडे," भिंगरी म्हणाली. "आई, मी एकही गोष्ट पुरी करत नाही."

"पुरी करायचं राहू दे. आधी एक टाका घाल."

मग बाईंनी उपाय सांगितला. उजवीकडे बटण यायचे असते. चीर बारीक रफू करून मिटवायची आणि बटण नेमके तिच्यावर लावायचे. भिंगरीने मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. ती शिवत असताना बाई म्हणाल्या, "मी 'डावी' म्हणायचे ते काय शहाणपण होतं? घरातली शंभर कामं डोक्यात असायची. तो शब्द म्हटला की काज होईपर्यंत ती गप्प बसायची. दिवसात तेवढीच मला निवांत जागा."

रफू झाले, तिन्ही बटणे लागली. मग डावीकडची तीन काजे झाली. पहिल्याच्या वेळी तिचे बोट माझ्यात चुळबुळत होते. तिसऱ्याच्या वेळी ते इतके स्थिर झाले, की मला बाईंचीच आठवण झाली आणि भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना सगळे सांगितले. त्यांनी कोट उजेडात धरून पाहिला. रफू दिसत नव्हते. गिऱ्हाइकापाशी काही बोलायचे नाही, असे त्यांनी तिला बजावले.

गिऱ्हाईक आले. कोट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले, काजांवरून अंगठा फिरवून खूश झाले. भिंगरी बाकावरून उठली. तिने त्यांना बटण उलटून रफू दाखवले आणि चूक आपली असल्याचे सांगितले. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

गिऱ्हाइकांनी रफूवरून अंगठा फिरवला. "सांगितलं नसतंस, तर मला कधी कळलंही नसतं."

"मला कळलं असतं," भिंगरी म्हणाली. "मी पुरं केलेलं हे पहिलंच काम आहे. ते मला खोटं ठेवायचं नव्हतं."

त्यांनी तिन्ही बटणे लावली, कोट काढलाच नाही आणि तसेच घरी गेले. त्याला नऊ वर्षे झाली. भिंगरी अजून त्याच बाकावर बसते.

मित्रांनो, माझ्या माथ्याला आता एक बारीक भोक पडले आहे आणि सुई त्यातून बोटाला टोचते. म्हणून भिंगरीने नवे अंगुस्तान आणले. मी पुन्हा डब्यात आले आहे, पण तक्रार नाही. जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच मागते, की हातात घेतलेले काम जपा. ते भरवशाने तुमच्या मांडीवर आलेले असते, आणि 'थांब' म्हणायला त्याला तोंड नसते.