‘ळ’ची जागा

हुमाने भोरमध्ये, वडिलांच्या शिलाई दुकानावरच्या खोलीत बसून, मराठी नावं अक्षरांच्या क्रमाने लावणारा छोटा कोड लिहिला होता. इतरांनी तो आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता जोडायचा. असल्या कोडला लायब्ररी म्हणतात. सोयीसाठी तिने ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवलं होतं. ते तिला सलायचं. २००६ साली तिने नवी आवृत्ती काढली आणि ‘ळ’ वर्णमालेतल्या जागी, ‘ह’च्या पुढे नेला. वेगळं काही न सांगितल्यास आता हाच क्रम लागणार होता.

महिन्याभराने वेल्ह्याहून मोहिनीचा फोन आला. तिथल्या बाजारात तिचं टायपिंगचं दुकान. मेंढ्यांच्या लसीकरणाच्या याद्या तीच काढायची. यादीतल्या क्रमाने वस्त्यांचा नंबर लागायचा.

“ताई, नवी आवृत्ती घातली आन् माळवस्ती यादीत खाली गेली. मावळवस्ती, मासाळवस्ती पुढं आल्या. माळवस्तीची माणसं नेहमीसारखी सकाळीच उतरली. दुपारपर्यंत उन्हात बसली.”

दुसऱ्या दिवशी हुमा एसटीने वेल्ह्याला गेली. मोहिनी तिला माळवस्तीवर घेऊन चढली. धुकं इतकं दाट, की तोरणा खालून सुटून वर तरंगत असल्यासारखा वाटत होता. मेंढ्या दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. कमळाबाई दारात कोकरू घेऊन बसल्या होत्या. त्यांची मेंढी त्या दिवशी रांगेतच व्याली होती.

“मावशी, यादीचा क्रम मी बदलला,” हुमा म्हणाली.

“आदीचा चुकीचा व्हता?”

“हो. आत्ताचा बरोबर आहे.”

कमळाबाईंनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. “मंग आताचाच असू द्या. पर आमी तांबडं फुटायच्या आत निघतो, बाई. आमाला आदी सांगाया नको व्हय?”

त्यांनी कोकरू हुमाच्या मांडीवर दिलं. त्याच्या उबेत हुमाला वाटलं, आपली सगळी अक्षरं या धुक्यात हिंडताहेत, आपापली जागा शोधत.

भोरला परतून तिने पुन्हा आवृत्ती काढली. नव्याने घेणाऱ्यांना बरोबर क्रम. आधीच्यांना जुनाच, पण यादी काढताना दर वेळी सूचना: पुढच्या वर्षी ‘ळ’ हलणार आहे. “चूक कळूनही वर्षभर ठेवता?” असं तो कोड वापरणाऱ्या एकाने पुण्याहून लिहिलं. तिने “हो” एवढंच उत्तर दिलं. मोहिनीने ती सूचना वस्त्यावस्त्यांवर वाचून दाखवली.

पुढच्या वर्षी माळवस्ती जेवून, दुपारी उतरली. हुमाही वेल्ह्याला गेली होती. ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकताना पाहत ती कठड्यावर बसून राहिली. गर्दीत तिला कुणी ओळखलं नाही.