जेवणवेळचा पाहुणा

अठराच्या आतल्या पोरांना दारू विकायची नाही, ही सरकारची मोहीम आमच्या गावात फारच यशस्वी झाली. आमच्याकडे दारू विकत घेतंच कोण? द्राक्षांचा हंगाम सरला की अंगणाअंगणात तांब्याच्या भट्ट्या पेटतात आणि अरकचा, म्हणजे आमच्या घरच्या द्राक्षदारूचा, वास पार झाहले शहराच्या रस्त्यापर्यंत जातो. तरी नगरपालिकेनं दुकानांच्या दारांवर लाल पाट्या लावल्या. छान दिसतात.

माझा मुलगा रवाद पंधराचा. बाप कुवेतला. सासऱ्यांनी त्याला लहानपणापासून भट्टीपाशी बसवलं. यंदा शाळेत जातानाच त्याच्या तोंडाला वास येऊ लागला, आणि एकदा दप्तरात खेळाच्या बुटांखाली बाटली सापडली. मी सासऱ्यांना सांगितलं.

"घरचंच आहे ना, अगं," ते म्हणाले. "बाहेरचं काहीबाही प्यायला असता म्हणजे?"



मग त्याच मोहिमेसाठी मंत्रालयाचे वदीअसाहेब शाळेत आले. काय सुंदर बोलले! पिणाऱ्या पोराच्या मेंदूचं चित्र दाखवलं, वाळक्या अंजिरासारखं. आम्ही आया रडलो. नंतर मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"साहेब, घर जवळच आहे. सासरे माझं ऐकत नाहीत, सरकारचं ऐकतील. एकच वाक्य बोला, पोराला देऊ नका म्हणून."

"चला ना," ते म्हणाले. खरंच भला माणूस.

चूक माझी. कॉफीच्या वेळेला न्यायचं सोडून मी त्यांना जेवणाच्या वेळेला नेलं.

"सरकार आपल्या घरी!" सासरे उठूनच उभे राहिले. मग मी तब्बूलेची कोशिंबीर आणली, दह्याच्या चक्क्याचं लबने आणलं, कच्च्या मटणाचा किब्बे आणला. पाहुण्यापुढे रिकामं टेबल ठेवू का? आणि पाहुण्याला ओतायचं घरच्या मुलानं, ही रीतच. रवादनं आधी अरक, मग पाणी, मग बर्फ घातला. पेले दुधासारखे पांढरे झाले. पेले तीन होते. तिसरा कुणाचा, ते साहेबांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, मुलांबद्दल थोडं बोलायचं होतं..."

"आधी घोट, मग बोलणं. उपाशी माणसाचं मी ऐकत नाही."

साहेबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "कुणाच्या हातचं हे?"

"या पठ्ठ्याच्या. यंदाची भट्टी यानंच सांभाळली."

"वा," साहेब म्हणाले.

रवादचे कान लाल झाले. बाप कुवेतला गेल्यापासून त्याला कुणी कशाबद्दलही वा म्हटलेलं नव्हतं. मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं, काय करू. तीन पेले एकमेकांवर वाजले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

निघताना सासऱ्यांनी साहेबांच्या हातात बाटली दिली. ती नाकारली असती तर सासऱ्यांनी आयुष्यभर बोलून दाखवलं असतं. रवाद गाडीपर्यंत पोचवायला गेला. खिडकीतून दिसलं, दोघं बोलत उभे होते. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हटलं, आता सांगतायत. सासऱ्यांना नाही तर नाही, पोराला तरी.

तो परत आला तोवर सासरे खुर्चीतच घोरत होते.

"काय म्हणाले रे साहेब?"

"मीच विचारलं." तो टेबलावरचा रोटीचा चुरा बोटानं गोळा करत राहिला. "म्हटलं, सकाळी जाग आली की पहिलं तेच आठवतं. नको म्हटलं तरी. काय करू?"

माझे हात ताटलीवरच थांबले. एवढं त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"त्यांना उशीर झाला होता. म्हणाले, उपाशीपोटी घेत जाऊ नकोस."

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिला, जणू त्याहून बरं काहीतरी मला ठाऊक असेल.

मी रोटी गरम केली, तिला लबने फासलं आणि त्याच्यापुढे सरकवली.

"खा," म्हटलं.