तिसऱ्या भागातलं घड्याळ

सकाळी लेखिकेला तिच्या ताईचा फोन आला. ताई एरवी कधी दबक्या आवाजात बोलायची नाही. आज ती न्हाणीघरातला नळ सोडून बोलत होती.

"मुंगे, तुला आज पोलीस ठाण्यात बोलावलंय ना? तुझ्या भाऊजींचं नाव तोंडातून निघता कामा नये. एवढंच."

"अगं ताई, पण..."

"पण-बिण काही नको मला. एक पोर कडेवर आहे, दुसरं वाटेवर. कळलं?"

नळ बंद झाला आणि फोनही.

घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. बाहेर ती टीव्हीसाठी लिहायची. तिच्या विनोदी मालिकेचं नाव होतं 'ठाणं हरवलं'. त्यातलं पोलीस ठाणं रोज रात्री उठून भलत्याच गल्लीत जाऊन बसायचं, आणि सकाळी कामावर आलेले पोलीस येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत फिरायचे, "अहो, आमचं ठाणं दिसलं का कुठे?" त्यातला एक हवालदार स्वतःच्या मिशीचाच जबाब घ्यायचा. मालिका अजून बाळसं धरत होती. निम्म्या लोकांच्या ती डोक्यावरून जायची, उरलेले पोट धरधरून हसायचे.

तिसऱ्या भागात तिनं ठाण्यातल्या घड्याळालाच साहेब केलं होतं. सगळे त्याला सलाम ठोकायचे आणि पुरावा वेळेत बसेना की स्टुलावर चढून त्याचे काटे फिरवायचे. एका चोराला रात्रीच्या चोरीबद्दल आदल्या सकाळीच धरतात. तो बिचारा हात जोडून म्हणतो, "साहेब, काय चोरलंय तेवढं सांगा, म्हणजे जाऊन घेऊन येतो."

पण हे घड्याळ काही आभाळातून पडलेलं नव्हतं. ताईचा नवरा पोलिसात. एकदा जेवताना भाऊजी बोलून गेले होते, "आमच्या ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मोठं आज्ञाधारक आहे हो. माणूस धरला दुपारी, कॅमेरा म्हणतो रात्री." ताईनं डोळे वटारले, भाऊजींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि विषय तिथेच मिटला. लेखिकेच्या डोक्यात मात्र तो मिटला नाही.

तो भाग लागला आणि थोड्याच दिवसांत कोर्टात एक वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांचा अशील एक रंगारी, गोदाम फोडल्याच्या आरोपाखाली तुरुंगात. बाईंचं म्हणणं, गोदाम फुटलं संध्याकाळी, आणि याला तर दुपारीच भिंत रंगवताना शिडीवरून उतरवून नेलं होतं. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. शंका कशावरून आली असं विचारल्यावर त्या सरळ म्हणाल्या, "टीव्हीवरून." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश तेवढे हसले नाहीत. चौकशी लागली, वरच्या कार्यालयातून एक अधिकारी भाऊजींच्याच ठाण्यात आले आणि त्यांनी पहिल्यांदा लेखिकेलाच बोलावलं.

ठाण्यातली ती खोली अगदी साधी होती. पत्र्याचं कपाट, कोपरा उडालेलं टेबल, त्यावर एक जुना कॉम्प्युटर. लेखिकेनं असली खोली कितीदा तरी लिहिली होती. तिच्या खोलीत कपाट शिंकायचं. हे कपाट गप्प उभं होतं.

चौकशी अधिकारी मात्र फारच गोड माणूस निघाला. "बसा, बसा. पाणी घ्या. घाबरायचं काही कारणच नाही. आमच्या घरी बघतात तुमची मालिका. मला काही कळत नाही, पण मुलगी हसते."

तिला वाटलं होतं, हा खोदून खोदून विचारणार. पण त्यानं खोदायला सुरुवातच केली नाही.

"हे बघा, मालिका म्हणजे कल्पना. बरोबर? तेवढंच जबाबात घालू. घड्याळाची गोष्ट मनानं रचली, कुणाकडून काही ऐकलं नाही. सही करा आणि मोकळ्या व्हा. तुमची मालिका चालू, आमचं ठाणं चालू."

ती मोकळा श्वास घेणार होती. भाऊजींचं नाव निघायचा प्रश्नच मिटत होता. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि तो रंगारी?"

"कोण?" अधिकाऱ्यानं जरा आठवल्यासारखं केलं. "हां, तो. त्याचं कोर्ट बघून घेईल." आणि त्यानं घंटी दाबली. "रायटरला पाठवा."

ठाण्यात जबाब लिहून घेणाऱ्या पोलिसाला रायटर म्हणतात. 'घरात दोन रायटर, आणि दोघांचं अक्षर सारखंच गचाळ,' असं ताई नेहमी म्हणायची. दार उघडलं आणि भाऊजी आत आले. त्यांनी मेहुणीकडे पाहिलंच नाही. खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. अधिकारी बाहेरगावचा. समोरची दोघं एका ताटात जेवलेली आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"लिहा," अधिकारी म्हणाला. "सदर भाग मी स्वतःच्या कल्पनेनं लिहिला."

बटणं खटखटली. भाऊजींच्या कानामागून घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरला. लेखिका तो बघत राहिली.

"आता बाई, तुम्ही सांगा. या ठाण्याबद्दल तुम्हाला कुणाकडून काही माहिती मिळाली होती?"

ताईचा आवाज तिच्या कानात होता. एक कडेवर, दुसरं वाटेवर. पण त्याच वेळी तिला तो माणूस दिसायला लागला, ज्याला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. शिडीवरून उतरताना त्यानं ब्रश कुठे ठेवला असेल? अर्धी भिंत तशीच राहिली असेल. त्याच्याच जिवावर तिनं तो विनोद केला होता आणि लोक हसले होते.

तिनं तोंड उघडायच्या आत बटणं वाजली. भाऊजींनी 'नाही' टाइप करून टाकलं होतं.

"मी अजून काही बोललेच नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

अधिकाऱ्याचा गोडवा जागच्या जागी गोठला. "मग बोला. विचार करून बोला. एकदा सही झाली की शब्द मागे घेता येत नाहीत."

"विचारच करतेय." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. नाव घेणं तिच्यानं होत नव्हतं, आणि 'नाही' म्हणणंही होत नव्हतं.

भाऊजींनी बटणांवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. "साहेब," ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "हे 'नाही' मी खोटं टाइप केलंय. तिला मीच सांगितलं होतं. माझी मेहुणी आहे ती. आणि कॅमेऱ्याची वेळ बदलली तेव्हा मी त्याच खोलीत होतो."

"तुम्ही काय बोलताय, कळतंय का?"

"कळतंय. माझाही जबाब घ्या. दुसरा रायटर बोलवावा लागेल."

त्यानंतर सगळं भराभर झालं. कॅमेऱ्याचं यंत्र सील झालं, ठाण्याचे साहेब रजेवर पाठवले गेले, रंगाऱ्याला जामीन मिळाला. वेळ बदलताना बघूनही सुरुवातीला गप्प बसले म्हणून भाऊजी निलंबित झाले, ते अजून घरीच आहेत. मालिका त्याच आठवड्यात गुंडाळली. 'प्रेक्षक मिळत नाहीत' असं वाहिनीच्या माणसानं सांगितलं आणि नजर चुकवली. लिहून तयार असलेल्या पाचव्या भागात ठाणं समुद्राकाठी जाऊन बसलं होतं. तो कुणी पाहिलाच नाही.

ताईनं बरेच दिवस फोन उचलला नाही. मग एका दुपारी स्वतःच केला.

"आता काय लिहितेस?"

"काही नाही. सुचत नाही."

"बरं झालं. आमच्या घरावर तरी लिहू नकोस." पलीकडे भाऊजी काहीतरी बोलले, आणि कडेवरचं पोर किंचाळलं. ताईनं त्याला चुचकारलं. "हे विचारतायत, जेवायला कधी येतेस. मी नाही विचारत, हे विचारतायत."

"तू म्हणशील तेव्हा."

"मी अजून रागात आहे," ताई म्हणाली. "रविवारी ये."