बघितलं समज

तुम्ही बघत नाही! सही ठोकता, मान डोलावता, "हो हो, माझ्यासमोरच झालं" असंही सांगता. पण बघत नाही. कोणाला म्हणतेय ते विचारू नका. ज्याला लागेल त्याला लागू दे.

मी बोलतेय, वॉर्डातल्या लोखंडी कपाटाची चावी. बोटभर लांबी, पितळेचं अंग, तीन दात. पण रुबाब बघा माझा! असह्य दुखणं थांबवणारी जालीम इंजेक्शनं ज्या कपाटात असतात, ते माझ्याशिवाय उघडत नाही. मोठे मोठे डॉक्टरसुद्धा "चावी कुणाकडे आहे?" असं विचारत माझ्यामागे फिरतात.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. चावीवाल्याने मला पकडीत आवळलं, कानशीने घासघास घासलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "जा, नीट सांभाळ." काय सांभाळायचं ते मात्र सांगितलं नाही. घाईत असेल. माणसं नेहमीच घाईत असतात.

वॉर्डात आले आणि गळ्यागळ्यांतून फिरू लागले. पाळी बदलली की माझा गळा बदलायचा. एका सिस्टरने तर मला खिशातून घरी नेलं आणि गणवेशासोबत साबणाच्या पाण्यात भिजत घातलं. इकडे वॉर्डात नुसता गोंधळ! शेवटी तिचा नवरा हेल्मेटही न काढता जिना चढून आला. "ही घ्या तुमची महाराणी," म्हणाला. पुढे कित्येक दिवस माझ्या अंगाला साबणाचा वास येत होता.

आता नियम ऐका. मला फिरवताना दोघी हव्यात. एकीने औषध काढायचं, दुसरीने बघायचं. अर्धंच लागलं तर उरलेलं दुसरीच्या डोळ्यांसमोर टाकून द्यायचं, मग दोघींनी सह्या करायच्या. या औषधाची चटक लागू शकते, म्हणून ही दुसरी डोळ्यांची जोडी. किती सुंदर नियम! आणि त्याचं काय झालं? दुसरी सिस्टर पलीकडे सलाईन लावत असायची. पहिली इथून ओरडायची, "टाकलं गं, बघितलं समज!" तिकडून उत्तर यायचं, "समजलं!" की झाली सही.

या धबडग्यात सगळ्यांत मोठा आवाज आमच्या तोफेचा. तोफ म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत तरुण सिस्टर. मनात आलं की तोंडातून सुटलंच. अन्याय दिसला की हिचे कान लाल! मला ती फार आवडते.

मग दुसऱ्या राज्यातून नव्या ताई आल्या. हात हलका, बोलणं कमी. पण त्यांच्या दोन गोष्टी विचित्र होत्या. एक, त्या मला कधी हातात घेत नसत. "तुम्हीच उघडा," म्हणायच्या. आणि दुसरी, कोणी "बघितलं समज" म्हटलं की हातातला चहा तसाच ठेवून उठायच्या, कपाटापाशी येऊन उभ्या राहायच्या. खरोखर बघायला!

"आम्हाला काय चोर समजतात का या?" तोफ धुसफुसायची.

एक दिवस मेट्रनबाईंनी जाहीर केलं, "उद्यापासून दुपारच्या पाळीची चावी नव्या ताईंकडे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोफेने मावसबहिणीला फोन लावला. ही बहीणही सिस्टरच, ताईंच्याच राज्यात नोकरीला. तोफेने कुरकुर विसरून कौतुकाने ताईंचा फोटो पाठवला. पलीकडून ती किंचाळलीच, "अगं, ह्या? ह्यांची नोंदणी इथल्या नर्सिंग परिषदेने स्थगित केली होती! कुलुपातल्या औषधांच्या भानगडीत!"

तोफेने गळ्यात लटकणाऱ्या मला मुठीत इतकं आवळलं की माझे दात तिच्या तळव्यावर उमटले. सांगावं? गप्प बसावं? सांगितलं तर एका बाईची भाकरी जाईल. गप्प बसलं आणि उद्या एखादा रोगी तळमळत पडला तर? मला कंठ असता तर मीच ओरडले असते, सांग, सांग, आत्ताच सांग!

पण ती आधी मेट्रनबाईंकडे गेली नाही. सरळ औषधांच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटलं.

"ताई, तुमची नोंदणी का स्थगित झाली होती?"

ताईंच्या हातातून कापसाचा बोळा पडला. त्यांनी तो वाकून उचलला. मग म्हणाल्या, "मी चोरलं नव्हतं. मैत्रीण चोरत होती. अर्धं रोग्याला, अर्धं स्वतःला. मला म्हणायची, टाकलं गं, बघितलं समज. मी सही करायची. रोगी कण्हत राहायचे आणि कागदावर माझं नाव."

तोफेचे कान लाल झाले. त्या सकाळीच तिने तेच शब्द ओरडले होते. आणि ताई चहा सोडून आल्या होत्या.

"पण इथे लागताना तुम्हाला विचारलं असेल ना? याआधी काही कारवाई झाली होती का म्हणून?"

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"म्हणजे खोटं बोललात!"

"बोलले. हे काम सुटलं तर मी कोण उरते, सांग ना."

मला वाटलं, आता तोफ विरघळणार. छे! ती तोफ आहे.

"ताई, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. आज. पाळी बदलायच्या आत. आणि एकट्या जाऊ नका, मी येते. मलाही माझं सांगायचंय. इथे न बघता सह्या करणारी मी पहिली आहे."

"वेडी आहेस का? तुझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे! चला."

काय सांगू तुम्हाला! गळ्यातल्या दोरीवर मी घंटेसारखी नाचत होते. तोफ पुढे, ताई मागे. मग दारापाशी ताईंनी तिचा हात धरून मागे सारला आणि त्याच आधी आत गेल्या.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आपल्या नर्सिंग परिषदेला आजच कळवायचं. तुम्ही स्वतः कळवायचं," त्या ताईंना म्हणाल्या. "उत्तर येईपर्यंत चावीला हात लावायचा नाही. पुढचं परिषद ठरवेल. मी तुमची बाजू सांगेन, पण खोटं झाकणार नाही."

"बघायला तरी येऊ दे ना त्यांना," तोफ म्हणाली. "या वॉर्डात बघणाऱ्या त्या एकट्याच आहेत."

मेट्रनबाईंनी समोरची फाईल मिटली. मग उठल्या. "चला. मीही येते. मीसुद्धा बरेच दिवस बघितलेलं नाही."

परिषदेचं उत्तर अजून आलेलं नाही. ताई राहतील की जातील, मला ठाऊक नाही. मी सध्या तोफेच्या गळ्यात आहे. तुम्ही कुठलंही कुलूप उघडत असाल, कुठल्याही कागदावर नाव लिहीत असाल, तर एवढंच करा. हातातला चहा ठेवा. उठा. बघा!

मेट्रनबाई उठल्या त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नियमाने निघालो. कपाट उघडलं, औषध काढलं, उरलेलं तिघींच्या देखत टाकलं, आणि तशाच तिघी प्लास्टरमधला पाय वर टांगून पडलेल्या शिंपीकाकांच्या खाटेभोवती जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी सुई बघितली, मग एकेक चेहरा बघितला.

"एवढ्याशा सुईला तिघी? अहो बायांनो, मी कुठे पळून जातोय!"