देवीच्या चिठ्ठीत कडबा नव्हता

मृगाच्या तोंडावर साखऱ्याजवळच्या तांड्यावर नेमसिंग महाराजांपुढे ही गर्दी! माणसानं फक्त रान किती, राबणारे हात किती, विहिरीला पाणी किती एवढं सांगायचं. आठ दिवसांनी देवीची चिठ्ठी यायची: सोयाबीन सव्वातीन एकर, तूर पाऊण. आणि नफा खरोखर वाढायचा. महाराज डोळे मिटून म्हणायचे, देवी मापात बोलती, पाव एकराचीबी चूक न्हाई. पाव-पाऊण जाणणारी देवी तांड्यानं प्रथमच पाहिली होती!

गर्दीमागे उभ्या भीमराज सरांना मान वर करवत नव्हती. कारण देवी म्हणजे हेच गृहस्थ. हिंगोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. दोन वर्षांपूर्वी मशीनवर मांडलेलं हेच पेरणीचं गणित घेऊन ते तांड्यावर आले, तेव्हा कुणी बसा म्हटलं नव्हतं. महाराजांनी मात्र हेरलं. आकडे तुमचे, तोंड माझं, म्हणाले. सरांना वाटलं, औषध गुळातून दिलं तर बिघडलं काय?

बिघडलं ते सोजराबाईचं. गेल्या साली तिच्या चिठ्ठीत चारही एकर सोयाबीन आलं. ज्वारीत नफा कमी, म्हणून सरांच्या मशीननं ज्वारी उडवली. ज्वारी नाही तर कडबा कुठला? माघातच वैरण संपली आणि घरच्या गाईची, तिनं हातानं वाढवलेली बैलजोडी कळमनुरीच्या बाजारात गेली. ज्यांच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला, त्या घरचा गोठा ओस पडला. आणि तीच बाई आज पुन्हा रांगेत पहिली होती. मागे सगळा तांडा. पाप आपलंच, हे सरांना पुरतं ठाऊक होतं.

ते पुढे झाले. "चिठ्ठ्या मी लिहितो. देवी न्हाई."

महाराज ओरडले, सर बहकलेत. सरांनी ऐकलं नाही. चार खुंट्या मागवून अंगणात दोऱ्या ताणल्या. आडवे सोयाबीनचे एकर, उभे ज्वारीचे. एक दोरी रानाची, एक हातांची. यांच्या आतच पेरता येतं, आणि सगळ्यात जास्त नफा कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडतो. मशीन एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त नफ्याच्या कोपऱ्यावर जातं, वाढ थांबली की थांबतं. चमत्कार तो एवढाच. मग त्यांनी कडब्याची दोरी ताणली: ज्वारी निदान दीड एकर. गेल्या सालचा, निव्वळ सोयाबीनचा कोपरा दोरीबाहेर पडला.

सोजराबाईनं वाकून कडब्याची दोरी बोटानं ओढून पाहिली.

"ही दोरी तवा काहून न्हाई लावली?"

"मला सुचलीच न्हाई, माय. तुमी वैरणीचं इचारलं असतं तर लगेच लावली असती."

"देवीला कोण इचारतं, सर?"

सर गर्दीकडे वळून म्हणाले, माझा गुन्हा हाच. आकडे खरे होते, पण मी त्यांना देवीच्या पदराआड बसवलं, म्हणून तुमचा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. ज्याला उलट विचारता येत नाही, त्याचं खरंही घेऊ नका. मलासुद्धा विचारा.

महाराजांचा चेला चिठ्ठ्यांची थैली आवरू लागला. सोजराबाई मात्र दोऱ्यांपाशी फतकल मारून बसली.

"दीड एकरच धरा, सर," ती म्हणाली. "बैल न्हाईत, तरी धरा. वैरण असली तर पुन्हा घेता येतील."

सरांनी खाली बसून आकडे पुन्हा मांडले.