हुबेहूब

चमचा कानाला लावून बाबांनी मान खाली घातली. "हॅ... हॅलो... काकू, मी... नाही, काही नाही," असं पुटपुटत तो झटक्यात ताटात ठेवला. राहायला आलेल्या मामाला हसून हसून ठसका लागला.

"धाकटी अगदी हुबेहूब! दाजी, मशीन दुरुस्त करण्यात वाया गेलात तुम्ही."

वॉशिंग मशीन दुरुस्त करत बाबा दारोदार फिरत आणि दिवसभर भेटलेली माणसं जेवणाच्या टेबलावर हजर करत. खेकसणारी घरमालकीण, नाकात बोलणारा डॉक्टर. पण पाहुण्यांची फर्माईश ठरलेली, धाकट्या लेकीची नक्कल. नववीतली धाकटीही हसायची.

दुसऱ्या दिवशी शाळेतून बाईंचा फोन आला. तोंडी परीक्षेला धाकटी उभी राहिली ती राहिलीच, तोंडातून शब्द फुटला नाही. डबाही जिन्याखाली एकटीच खाते. घरी काही झालंय का?

"छे हो," बाबा म्हणाले. "आमच्याकडे तर नुसता हशा असतो."

घरी आल्यावर ते तिच्या खोलीत गेले.

"उत्तर येत नव्हतं का?"

"येत होतं."

"मग?"

ती चादरीचा दोरा ओढत राहिली. "बोलायच्या आधीच मला दिसतं, तुम्ही ते कसं करून दाखवाल. मग नकोच वाटतं."

तिच्या डोक्याकडे नेलेला हात बाबांनी स्वतःच्याच मानेवरून फिरवला.

"अगं, पण तूही हसतेस की."

"सगळे हसतात ना."

त्या दिवशी बाबा मुकाट्याने जेवले.

"काय दाजी, आज नकलांचं दुकान बंद?" मामा म्हणाला.

"बरं नाही का हो?" आईने विचारलं.

धाकटीने बाबांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"थांबा, मी करते," म्हणून ती उठली. आधी चष्म्यावरून बघणाऱ्या बाई झाली. मग परीक्षेला उभी राहिलेली स्वतः झाली. गिळलेला आवंढा, बाही चिवडणारी बोटं, उघडून मिटणारे ओठ. मग मागच्या बाकावर खिदळणाऱ्या मुली, एकेकीचा आवाज वेगळा. आईने पोट धरलं.

"बापाच्या वरताण निघाली!" मामा डोळे पुसत म्हणाला.

तिला इतकं सलग बोलताना बाबांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून तेही हसले.