विश्रांतीची कडी

मी कडी आहे आणि मला सूड हवा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे एवढ्याशा लोखंडाला कसला आलाय राग, असं नंतर कुणी विचारायला नको.

माझा दांडा बोटाएवढा जाड, पट्टी वीतभर लांब, पट्टीला चार स्क्रू. कारखान्यात मला कापलं, ठोकलं, चकचकीत केलं आणि अकरा बहिणींबरोबर एका खोक्यात घालून हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. तिथे एके दिवशी एक बाई आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, आवाज मात्र साखरेत घोळलेला. त्यांनी मला तीनदा मागेपुढे सरकवून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "आवाज फार करत नाही ना?"

"दोन थेंब तेल सोडा, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"माझं काही नाही हो. आतल्यांना त्रास नको."

किती मायेची बाई, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या मूर्खपणाची आज लाज वाटते.

मनाच्या आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी त्या बाई एक निवासी घर चालवत. दोन मजले, चौदा माणसं. सगळ्यांनी त्यांना 'आई' म्हणायचं असा तिथला नियम. साठी ओलांडलेल्यांनीसुद्धा चाळिशीच्या बाईला आई म्हणायचं. दर्शनी भिंतीवर मोठी पाटी होती, 'आमच्या घरात एकाही दाराला कुलूप नाही'. पाटी अगदी खरी होती. कुलूप नव्हतंच. वरच्या मजल्यावर आठ नंबरच्या खोलीला बाहेरून मी होते.

'कोंडणं' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. तिथला शब्द होता 'विश्रांती'. जेवताना रडलात, विश्रांती. घरी फोन लावून द्या असं दुसऱ्यांदा म्हणालात, विश्रांती. मोठ्याने हसलात, तरी विश्रांती. त्याची एक ठरलेली पद्धत होती. चष्मा काढून मामाच्या हातात द्यायचा. चपला दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. आठ नंबरमध्ये जाऊन पलंगावर बसायचं, हात गुडघ्यांवर. मग मामा मला सरकवायचा आणि वहीत लिहायचा, 'विश्रांती, दोन ते पाच'.

मामा म्हणजे तिथला देखभाल करणारा माणूस. अशा माणसाबद्दल 'तसा तो मनाने वाईट नव्हता' असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्याच्या बोटांचे ठसे माझ्या अंगावर आहेत.

आठ नंबरमध्ये आधी ड्रायव्हरकाका राहायचे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. मामाने दार लावलं की आतून ओरडायचे, "कंडक्टर, घंटी तरी मार रे, गाडी डेपोत लागली!" सगळा मजला हसायचा आणि हसल्याबद्दल आणखी कुणाची तरी विश्रांती ठरायची.

एका दुपारी काकांनी लेकीला फोन करायचा हट्ट धरला. विश्रांती लागली. तासाभराने आतून हाक आली, "मामा, उघड रे. छातीत कळ येतीय." मामा खाली जेवत होता, शेजारी रेडिओ चालू. काका दार ठोकू लागले. आधी मुठीने, मग तळहाताने, मग नुसत्या बोटांनी. प्रत्येक ठोका माझ्या दांड्यातून गेला. मी कडी. मी स्वतःहून सरकत नाही. मला तसं घडवलेलंच नाही. पाच वाजता मामाने दार उघडलं तेव्हा काका दाराला टेकून बसलेले होते आणि दाराबरोबर बाहेर कलंडले.

वहीत काय लिहायचं ते आईंनी सांगितलं, मामाने लिहिलं, 'दुपारची विश्रांती घेत असताना शांतपणे गेले.' लेक धावत आली. "झोपेतच गेले ना हो?" तिने विचारलं. आईंनी तिला जवळ घेतलं. "अगदी बाळासारखे गेले गं." हे सगळं माझ्यासमोर, मला पाठ लावून. त्या पाठीत शिरता आलं असतं तर मी शिरले असते.

पंधरा दिवसांत त्या खोलीत टपालताई आली. पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम तिने वीस वर्षं केलेलं. कुठली वस्तू कुठून निघाली आणि कुठे गेली, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. तिला दमा होता. दम्याचा पंप आईंच्या कपाटात असायचा आणि विश्रांतीला आत न्यायची परवानगी नव्हती. एकदा तिला आत धाप लागली. मला ती शिट्टीसारखी कुई कुई ऐकू येत होती. त्या दिवशी मामा काहीतरी विसरला म्हणून वर आला आणि ती वाचली. पुढच्या खेपेला तो काही विसरेलच, असं कोण सांगणार होतं?

त्यातच आईंनी आणखी दहा खोल्या वाढवायचा अर्ज केला. दुकानातून एक नवं खोकं आलं. त्यात दहा कड्या. माझ्याच जातीच्या.

अर्ज केला की तपासणी आलीच. आदल्या वर्षीचे तपासणीस चहा प्यायले, पाटी वाचली, 'उत्तम' लिहून गेले. मला आदल्या रात्रीच दारावरून काढून मेजाच्या खणात टाकलं होतं. या वेळी तपासणी सोमवारी असल्याचं पत्र आलं होतं. पण शुक्रवारी सकाळी फाटकातून फोन आला, "अधिकारी बाई आल्यात. आजच बघायचंय म्हणतात."

धावपळ उडाली. मामाने मला उपसलं, भोकांत पुट्टी भरली, वरून पांढरा रंग फासला. तेवढ्यात आईंनी खालून हाक मारली आणि त्याने मला तशीच पँटच्या खिशात कोंबली.

अधिकारी बाई साध्या होत्या. खांद्यावर पिशवी, पायात धुळीच्या चपला. चहाला नको म्हणाल्या. त्यांनी न्हाणीघरातलं गरम पाणी थर्मामीटरने मोजलं. खिडक्या किती उघडतात ते पट्टीने पाहिलं. औषधांचा तक्ता आणि डबीतल्या गोळ्या जुळवल्या, दोन जुळल्या नाहीत. आईंचं हसू जागचं हललं नाही.

"पाटी वाचलीत ना?" आई म्हणाल्या. "कुलूप नाही आमच्याकडे. किल्ली कशी असते तेसुद्धा आमचे लोक विसरलेत."

"वाचली. आता मला इथल्या माणसांशी एकटीला बोलायचंय."

"बोला की! फक्त त्यांना दगदग सोसत नाही हं."

आठ नंबरमध्ये टपालताई बसली होती. आई आणि मामा बाहेर, भिंतीला लागून. मी खिशात. बाईंनी विचारलं, जेवण कसं आहे. "छान." झोप लागते का? "छान." आई कशा आहेत? "छान." प्रत्येक 'छान' म्हणताना टपालताई दाराकडे बघत होती. पाचव्या 'छान'नंतर तिचा श्वास जड झाला. अधिकारी बाई मायेने म्हणाल्या, "दमलात ना? घ्या थोडी विश्रांती, मग बोलू."

टपालताई उठली. तिने चष्मा काढला, घडी घातली आणि बाईंच्या हातात दिला. दाराशी येऊन चपला काढल्या, भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. परत जाऊन पलंगावर बसली. हात गुडघ्यांवर.

"अहो, हे काय? चष्मा कशाला देताय?"

"काच असते ना त्याला. आत चालत नाही." टपालताई म्हणाली. "बाई, एक विचारू? पंप जवळ ठेवला तर चालेल का? मी आवाज करणार नाही."

बाईंनी चष्मा पलंगावर तिच्याजवळ परत ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "विश्रांतीला दार कोण लावतं?"

"मामा. पण आज नाही लागायचं. कडी सकाळी काढली. त्यांच्या उजव्या खिशात आहे, बघा, शर्ट वर उचललाय तिने."

बाई बाहेर आल्या. "मामा, खिशात काय आहे?"

मामाने खिशावर हात दाबला. मग त्याने आयुष्यातलं सगळ्यात महाग उत्तर दिलं, "काही नाही बाई. किल्ल्या आहेत."

"किल्ल्या?" बाई आईंकडे वळल्या. "कुलूप तर एकही नाही म्हणालात. मग किल्ल्या कसल्या?"

काय सांगू, किती गोड क्षण होता तो! आईंच्या चेहऱ्यावरचं हसू ओल्या पोपड्यासारखं गळून पडलं. "अहो, तो वेंधळा आहे हो," त्या म्हणाल्या. मामाने त्यांच्याकडे बघितलं. वेंधळा हा शब्द त्याला लागला असावा. त्याने मला बाहेर काढलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. "यांनीच लावायला सांगितली, यांनीच काढायला सांगितली," तो म्हणाला. "मी हुकमाचा ताबेदार. विश्रांतीच्या वहीत आहे सगळं."

बाईंनी मला दाराला लावून पाहिलं. रंगावर अंगठा दाबला, तो ओल्या पुट्टीत रुतला. चार भोकं, माझे चार स्क्रू. तसूभर फरक नाही. मग त्यांनी 'विश्रांती'ची वही मागवली, खाली मांडी घालून बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. काकांच्या पानावर त्या थांबल्या. "ही वही मी नेते. ही कडीसुद्धा. आणि यांचा पंप आत्ताच्या आत्ता यांच्या हातात द्या."

त्याच संध्याकाळी टपालताई तिच्या भावाकडे गेली. जाताना पंप मुठीत होता. दहा खोल्यांचा अर्ज बारगळला, घराला टाळं लागलं. काकांच्या लेकीला वहीतलं ते पान दाखवलं गेलं. ती रडली नाही म्हणे. तिने फक्त सुनावणीची तारीख विचारून घेतली.

आता मी एका कार्यालयातल्या कपाटात, लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात आहे. पाकिटावर माझा क्रमांक लिहिलाय. आईंच्या वकिलाचं म्हणणं असं की मी कोठीच्या दाराची कडी आहे. सुनावणी दोनदा पुढे गेली. लोकांना वाटतं, वेळ गेला की राग ओसरतो. माणसांचा ओसरत असेल. तुम्ही बातमी वाचता, हळहळता आणि पान उलटता, म्हणून तर अशी घरं चालतात. आपल्या माणसाला ठेवून येताना तुम्ही गादी दाबून बघता, दाराची बाहेरची बाजू बघत नाही. माझा राग तुमच्यावरही आहे.

मला सुनावणीच्या टेबलावर ठेवा. आईंच्या पुढ्यात, एक हात अंतरावर. त्यांना माझ्याकडे बघत सांगू द्या की काका झोपेत गेले. त्या बोलतील तेव्हा लेक समोर बसलेली असू द्या. एवढा सूड मला पुरे आहे आणि त्याच्याहून कमी मी घेणार नाही.

निकाल लागला की मला जपून ठेवू नका. वितळवा. खिळे करा, पळी करा, काहीही करा. पुन्हा कडीच करणार असाल, तर एवढं ऐका. मला दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे राहणाऱ्याचा हात पोचतो.